मोटरी भरणारा माणूस बास गिटार उघडतो तेव्हा

माझं दुकान इचलकरंजीत. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायच्या, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायची, हा धंदा. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की त्याच टेबलावर बास उघडा पडतो. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो, एरवी घरच्यांना त्रास देतो. आसपासची पोरं आपापले बास घेऊन येतात आणि आल्या आल्या विचारतात, "दादा, लई घरघरतोय, पिकअप बदलू काय?"

नको. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची कॉइल, तारेची थरथर पकडणारी. तो नंतर. आधी नीट ऐकायचं. अँप, म्हणजे अँप्लिफायर, चालू करा, बासचे सगळे नॉब पूर्ण उघडा, काही वाजवू नका आणि तारांना हात लावा. घरघर कमी झाली तर तारांची अर्थ, म्हणजे अर्थिंग, शाबूत आहे, आतल्या पोकळीला शिल्डिंग, म्हणजे घरघर अडवणारं धातूचं अस्तर, नाही एवढंच. हात लावल्यावर घरघर उलट वाढली तर ब्रिजकडून, म्हणजे तारा अडकवायच्या धातूच्या भागाकडून, येणारी अर्थची वायर सुटलीय. आणि हात लावून काहीच फरक पडत नाही, पण बास घेऊन जागच्या जागी गोल फिरलं की आवाज कमीजास्त होतो, तर ते जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटरचं चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या कॉइलमध्ये शिरतंय. तीन आजार, तीन औषधं. नवीन पिकअप यातल्या पहिल्या दोनांवर काही कामाचा नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासच्या ई तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या पट्टीला) 'जी' हा सूर वाजतो, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपली घरघर म्हणजे किंचित चढलेला जी. गाणं जी मध्ये असलं की शेजारी कुणीतरी बेसूर गुणगुणत उभं आहे असं वाटतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली घरघर बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठंतरी लटकते.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी बास वाजवणारा म्हणून नाही, वायरमन म्हणून सांगतो. तुमच्या तारा ब्रिजमधून, जॅकमधून (केबल खुपसायची जागा), केबलमधून थेट अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. मांडवात थ्री-पिनची अर्थच नसली आणि अँपमध्ये काही बिघाड झाला, तर बोटं तारांवर असताना ओठ माइकला लागले की झटका बसतो. जीवही जाऊ शकतो. चढण्याआधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. पेटला तर मंडपवाल्याला बोलवा, अर्थ करून घ्या, तोवर बासला हात लावू नका. घरघर घालवायला अँपच्या पिनेची अर्थ तोडणारे महाभाग मी पाहिलेत. तसलं काम माझ्या दुकानात होत नाही.

आता उघडू. बासची केबल काढा, तारा सैल करा, कंट्रोल प्लेट किंवा पिकगार्डचे स्क्रू एका वाटीत ठेवा. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. वायरचे रंग बघून काही ठरवू नका, कारखान्याकारखान्यात ते वेगळे असतात.

सोल्डरिंग आयर्नला हात घालण्याआधी मल्टिमीटर लावा. केबल बासला जोडायची, दुसऱ्या टोकाच्या प्लगचं टोक आणि बाहेरची नळी यांच्यात रेझिस्टन्स मोजायचा, नॉब सगळे उघडे. हे सगळं साध्या, बॅटरी नसलेल्या बासचं. प्रिसिजन घाटाच्या बासला साधारण १० किलोओहम दाखवेल. जॅझ घाटाच्या बासला दोन पिकअप समांतर जोडलेले असतात, म्हणून साधारण पावणेचार. एकाचा व्हॉल्यूम पूर्ण बंद केला की सात-साडेसात. जॅझमध्ये दोन्ही उघडे असून साडेसातच दिसलं तर एक पिकअप बहुधा मेलाय किंवा त्याची वायर तुटलीय. थेट शून्य आलं तर कुठंतरी सिग्नल अर्थला टेकलाय. अर्ध्या तासाची शोधाशोध या एका आकड्यात वाचते.

दोन घाट म्हणतोय ते असे. अमेरिकेत गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला तेव्हा त्याच्या पिकअपला एकच कॉइल होती. १९५७ मध्ये तिचे दोन तुकडे झाले, एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली. एका तुकड्याचं वाइंडिंग उलटं, लोहचुंबकही उलटे. बाहेरून आलेली घरघर दोन्हींत एकमेकींच्या विरुद्ध उमटते आणि मिटते, तारेचा आवाज मात्र टिकतो. माझ्या धंद्यात स्टेटरमध्ये एक कॉइल चुकून उलटी बसली की मोटर गुरगुरते आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. इथं गुरगुर जावी म्हणून मुद्दाम उलटी बसवलीय. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी चहा गार झाला होता. १९६० च्या जॅझ बासमध्ये दोन वेगळे पिकअप आले. आजच्या बहुतेक जॅझ बासमध्ये ते एकमेकांना उलटे असतात, म्हणून दोन्ही पूर्ण उघडे असले की शांत. एक कमी केला की घरघर परत. तो बिघाड नाही, घाटच तसा.

सोल्डरिंगचं काम नव्यांना जिथं अडवतं ती जागा म्हणजे पॉटची पाठ. पॉट म्हणजे नॉबखालचा तीन पायांचा फिरता रेझिस्टन्स. अर्थच्या सगळ्या वायरी तिथं डकवायच्या असतात आणि तो पत्रा उष्णता पिऊन टाकतो. २५ वॉटचं आयर्न पायांना ठीक, पाठीला कमी पडतं. मग माणूस अर्धं मिनिट टेकवून बसतो, आतली कार्बनची पट्टी भाजते आणि वर सोल्डरचा गोळा नुसता मणी होऊन बसतो, नखानं निघतो. पाठीला ५०-६० वॉटचं आयर्न घ्या, रुंद बिटचं. पाठीवर नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. तिथं आधी सोल्डरचा पातळ थर द्या, वायरच्या टोकालाही द्या. मग वायर टेकवून वरून बिट दाबा. दोन-तीन सेकंदांत दोन्ही थर पाण्यासारखे एक होतात. बिट उचला आणि वायर हलवू नका, श्वाससुद्धा रोखा. गार होताना हललं की सांधा राखाडी, दाणेदार होतो आणि सहा महिन्यांनी ऐन कार्यक्रमात सुटतो. सोल्डर राळ भरलेलंच वापरा. डबीतली आम्लाची पेस्ट पत्र्याच्या डब्यांना ठीक, इथं ती वर्षभरात वायर खाते.

पॉटचा कुठला पाय अर्थला, हे चित्रात बघून उलटं होतं. मीटरनं ठरवा. नॉब पूर्ण बंद करा. मधल्या पायाशी ज्या कडेच्या पायाचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य दिसेल, तो व्हॉल्यूमला अर्थचा पाय. प्रिसिजनमध्ये पिकअपचा सिग्नल उरलेल्या कडेच्या पायावर येतो आणि मधल्यावरून जॅकला जातो. जॅझमध्ये उलट, पिकअप मधल्या पायावर आणि कडेचा पाय जॅककडे. हे उलटं मुद्दाम आहे. प्रिसिजनसारखं जोडलंत तर एक व्हॉल्यूम बंद करताच दुसराही मुका होतो.

ब्रिजची अर्थ तपासणं सगळ्यात सोपं. मीटरची एक पिन तारेला, दुसरी जॅकच्या बाहेरच्या नळीला. एक ओहमच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर ब्रिजचे स्क्रू काढा, खाली उघडी तांब्याची वायर नुसती दाबून ठेवलेली असते. ती काळी पडलेली किंवा सरकलेली सापडेल. घासा, पंख्यासारखी पसरा, परत दाबा. माझ्याकडं आलेल्या बासपैकी कितीतरी एवढ्यावर परत गेलेत, आणि पोरं पिकअपचे पैसे वाचले म्हणून वडापाव देऊन गेलीत.

शिल्डिंगला तांब्याची चिकटपट्टी घ्या. पोकळीच्या तळाला, भिंतींना आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावायची. काठावर थोडी बाहेर दुमडून स्क्रूच्या भोकापर्यंत आणायची, म्हणजे झाकण बसलं की वरची-खालची पट्टी भेटते. दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात तिथं चिकट थर वीज जाऊ देईलच असं नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटर लावून बघा. मग एकच वायर पॉटच्या पाठीला. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलनंही भागतं, पण त्याला सोल्डर धरत नाही, थिंबल आणि स्क्रूनं जोडावं लागतं. आणि लक्षात ठेवा, तांब्यानं चुंबकीय घरघर थांबत नाही. तो तिसरा आजार. त्याला उलटी कॉइल हाच उपाय.

इथं माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा शिल्डिंग केलं तेव्हा जॅकची पोकळीही आतून तांब्यानं मढवली, देव्हाऱ्यासारखी. घरी मीटर लावला, सगळं बरोबर. मंडळाच्या कार्यक्रमात केबल खुपसली आणि बास ठार मुका. निवेदक विनोद सांगून सांगून थकला. झालं असं की प्लग आत गेला की जॅकची पाती बाहेर फाकते, आणि ती फाकून थेट तांब्याला टेकत होती. मी घरी मोजलं ते प्लग न घालता. तेव्हापासून जॅकमागे इन्सुलेशन टेपचे दोन थर, आणि सगळी मोजमापं केबल जोडूनच.

पॉट आणि कपॅसिटर यांवर लोक फार भांडतात. साध्या बासला २५० किलोओहमचे, लॉग प्रकारचे पॉट. टोनच्या नॉबचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर ४७३ असं छापलेलं असतं. १०४ लावला तर टोन बंद केल्यावर आवाज आणखी गडद, गोधडीत गुंडाळल्यासारखा. महागडा तेलकागदाचा आणि साधा मायलरचा, दोन्ही मी क्रोकोडाइल क्लिपनं आलटूनपालटून लावून ऐकलेत. किंमत सारखी नाही, पण मायक्रोफॅरडचा आकडा सारखा असेल तर आवाज सारखा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतो. पॉट घेताना मात्र भोक मोजा. अमेरिकन मापाच्या पॉटला ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, स्वस्त बासला ते लहान असतं. रीमरनं हळूहळू वाढवा, ड्रिलनं प्लेट फाटते.

एकच बदल करायचा असेल तर जॅझ बासला सीरिजचा खटका द्या. ओढायच्या नॉबचा पॉट मिळतो, त्याच्या खाली सहा पायांचा खटका असतो, तीन-तीनच्या दोन रांगा. पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला गळ्याकडच्या पिकअपची अर्थची वायर. त्या मधल्या पायाच्या एका बाजूला अर्थ, दुसऱ्या बाजूला ब्रिजकडच्या पिकअपची सिग्नलची वायर. दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायालाही तीच ब्रिजकडच्या पिकअपची सिग्नलची वायर. पहिल्या रांगेत अर्थ ज्या बाजूला, त्या बाजूच्या पायावरून ती आपल्या व्हॉल्यूमला जाते, दुसऱ्या बाजूचा पाय रिकामा. खाली दाबलं की नेहमीचा जॅझ. वर ओढलं की दोन्ही पिकअप एकामागोमाग एक, प्लगवर मीटर साधारण १३-१४ किलोओहम दाखवतो, आवाज मोठा आणि मध्ये भरलेला होतो आणि गळ्याकडचा एकच व्हॉल्यूम चालतो. ढोलकी आणि दोन कीबोर्डच्या गर्दीत बास जिथं हरवतो, तिथं मी तो नॉब ओढतो. जोडल्यावर आवाज पोकळ, पातळ आला तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

तारा आणि स्पंज हा तर फुकटातला बदल. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगांवर वाजवणारे जेम्स जेमर्सन यांचा बास १९६२ चा प्रिसिजन, त्यावर चपट्या वेढ्याच्या जुन्या तारा आणि ब्रिजपाशी फोमचा तुकडा. मी भांडी घासायच्या स्पंजचा बोटभर तुकडा कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवतो. सूर थोडक्यात मिटतो, धप्प असा. तो एकदा लावून जुनी हिंदी गाणी ऐकत बसा. पंचमदांकडं टोनी वाझ बास वाजवायचे. हेडफोन लावून फक्त खालच्या सुराकडं कान ठेवला की आधी कधीच न ऐकलेलं गाणं ऐकू येतं.

राहिलं पिकअप स्वतः भरण्याचं. मोटरी भरणाऱ्याला कोण अडवणार, म्हणून बसलो. पिकअपला ४२ गेजची तार लागते असं वाचलं, ४२ गेजचं रीळ आणलं, काउंटर लावला. बॉबिनवर दहा हजारांच्या घरात फेरे हवेत. चार हजारांच्या आतच बॉबिन गच्च. ते ४२ अमेरिकन गेज, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, केसासारखी. आपल्याकडचं ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. हवी होती ती आपल्या भाषेत ४६ गेज. ती आणली तर माझ्या बोटांना सवय जाड तारेची, चार वेळा तुटली, पाचव्यांदा बायकोनं चिमटीत धरली तेव्हा पूर्ण झाली. ४२ चं रीळ अजून फळीवर आहे. कुणाला रिलेची कॉइल भरायची असेल तर घेऊन जा.