बुलेव्हार्डिए घरी करताना व्हर्मूथ आधी चाखा

बुलेव्हार्डिए हे कॉकटेल म्हणजे नेग्रोनीच (जिन, कँपारी हे कडू लाल मद्य आणि व्हर्मूथ ही वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), फक्त जिनच्या जागी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की. पॅरिसमधल्या अमेरिकन मंडळींचं हे पेय; तिथले बारमालक हॅरी मॅकेलोन यांनी 1927 मध्ये त्याची कृती छापली तेव्हा तिन्ही घटक समसमान होते. मला मात्र त्यात व्हिस्की हरवल्यासारखी वाटते. म्हणून 45 मिली बर्बन, 30 मिली कँपारी, 30 मिली गोड लाल व्हर्मूथ.

घरी केलेलं बिघडतं ते बहुतेक व्हर्मूथमुळे. ती वाइनच असते, उघडल्यावर हवा लागून उतरते. माझी बाटली चार महिने शोकेसमध्ये मिरवत होती. पेयाला शिळ्या मनुकांच्या पाण्याची चव आली आणि मी उगाच कँपारीला दोष देत बसलो. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, महिना-दीड महिन्यात संपवा.

हे शेक करू नका, गढूळ होतं. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फावर लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळा, बाहेरून ग्लासाला दव धरलं की गाळा. वर संत्र्याची साल, पांढरा भाग न घेता सोललेली. ग्लासावर धरून पिळली की तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर उडालेला दिसतो. लिंबाच्या सालीने ती मजा येत नाही.