गिटारसाठी परवडणारा माइक घेताना आधी आपली खोली ऐका

दुकानात जाण्याआधी एक काम घरीच करा. ज्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं आहे तिथे पंखा बंद करा, तुम्ही गिटार घेऊन बसता त्या उंचीवर मोबाइल ठेवा आणि दोन मिनिटं काहीही न वाजवता रेकॉर्ड करा. मग इअरफोन लावून ऐका. विलेपार्ल्यात माझ्याकडे यात लोकल असते, रिक्षांचे हॉर्न असतात, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरून जाणारं विमान. हे सगळं तुमचा नवा माइकही ऐकणार आहे, आणि मोबाइलपेक्षा जास्त स्पष्ट ऐकणार आहे. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी असं करून बघितलं की आपल्या घरातली शांत वेळ कोणती ते कळतं. माझी पहाटेची आहे.

मी गिटार शिकवते आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करते. "ताई, कुठला माइक घेऊ?" असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी आधी विचारते की वाजवणार कुठे. स्टेजवर, घरी की दोन्हीकडे? उत्तर त्यावर ठरतं.

माइकचे मुख्य प्रकार दोन. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलतं. त्याला वेगळी वीज लागत नाही आणि तो दणकट असतो. कंडेन्सरचा पडदा फार पातळ असतो. त्याला मिक्सरमधून किंवा ऑडिओ इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) केबलमधूनच जाणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, द्यावी लागते. तारेवर नखाचा होणारा स्पर्श, बारीक तारांची चमक, वाजवून झाल्यावर रेंगाळणारा नाद हे कंडेन्सर जास्त बारकाईने टिपतो.

"कंडेन्सर सगळा कचरा पकडतो, डायनॅमिक घ्या," हे दुकानात हमखास ऐकाल. ते अर्धंच खरं आहे. खरा फरक अंतराने पडतो. माइक गिटारपासून दुप्पट लांब नेला की गिटारचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, पण खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. डायनॅमिक आपण वाद्याच्या अगदी जवळ लावतो, म्हणून तो खोली कमी ऐकतो असं वाटतं. त्याची खरी अडचण वेगळी आहे. त्याचा सिग्नल बारीक असतो. शुअर एसएम ५७ या डायनॅमिकच्या तुलनेत ऑडिओ-टेक्निका एटी २०२० या कंडेन्सरचा सिग्नल आठ-नऊ पट मोठा आहे. बोटांनी हळुवार वाजवणारा मुलगा स्वस्त इंटरफेसवर डायनॅमिक लावतो, गेन (सिग्नल वाढवणारं बटण) शेवटपर्यंत फिरवतो आणि मागे सळसळ ऐकू येते.

म्हणून माझं मत असं. स्टेज आणि घर दोन्हीला एकच माइक हवा असेल आणि तुम्ही जोरकस स्ट्रमिंग करत असाल, तर एसएम ५७ घ्या. १९६५ पासून तो बाजारात आहे, आणि कुठल्याही हॉलचा साउंडवाला त्याला ओळखतो. फक्त घरी फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी वाजवलेलं, रेकॉर्ड करायचं असेल आणि शांत वेळ सापडली असेल, तर लहान पडद्याचा कंडेन्सर, म्हणजे पेन्सिलसारखा बारीक माइक घ्या. रोडचा एम ५ आणि बेहरिंगरचा सी-२ जोडीने मिळतात, पण सुरुवातीला त्यातला एकच वापरा. गाणंही त्याच माइकवर रेकॉर्ड करायचं असेल तर एटी २०२० सोयीचा. यूएसबी माइक लॅपटॉपला लगेच जोडता येतो हे खरं, पण तो हॉलच्या मिक्सरला लागत नाही. स्टँड, फोम आणि जाळीसकट मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये केबलच्या टोकाला मोबाइलच्या इअरफोनसारखी पिन असेल, तर ते किट सोडून द्या. त्या पिनमधून ४८ व्होल्ट मिळत नाहीत.

हजार-दोन हजार जास्त खर्च करण्यापेक्षा माइक कुठे लावायचा हे शिकण्यात फायदा जास्त आहे. नवशिके माइक थेट साउंडहोलसमोर लावतात, कारण आवाज तिथूनच येतो असं वाटतं. तिथे फक्त घुमारा मिळतो. माइक बाराव्या फ्रेटसमोर, गिटारपासून वीतभर किंवा थोडा जास्त लांब ठेवा आणि त्याचं तोंड नेक जिथे बॉडीला मिळते तिकडे किंचित वळवा. आवाज पातळ वाटला तर माइक दोन बोटं साउंडहोलकडे सरकवा, जड वाटला तर उलट. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, जितका जवळ तितका खर्ज फुगतो, हेही लक्षात ठेवा. दर वेळी थोडंच सरकवायचं, तीच ओळ वाजवायची आणि ऐकायचं.

कार्डिऑइड माइकला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं. त्यामुळे माइकची पाठ खिडकीकडे करा. मग त्याचं तोंड तुमच्याकडे आणि तुमच्या मागच्या भिंतीकडे असतं, म्हणून भिंतीवरून परत येणारा आवाज शोषायला एखादी गोधडी त्या भिंतीवर टांगायची. लालबागच्या चाळीत राहणारा माझा एक विद्यार्थी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याला पाठ टेकून बसतो. त्याचं रेकॉर्डिंग मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा स्वच्छ येतं. लेव्हल लावताना सर्वांत जोराचा भाग वाजवा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

स्टेजचं गणित वेगळं. तिथे माइक शिट्टी मारायला लागला की गाणं थांबतं. माइक गिटारच्या आणखी जवळ, चार-पाच इंचांवर घ्या. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कार्डिऑइडच्या बरोबर मागे हवा. त्याहून अरुंद कोनातलं ऐकणारा सुपरकार्डिऑइड माइक असेल तर मात्र बरोबर मागे नको, थोडा बाजूला हवा, कारण त्याला मागचंही काही ऐकू येतं. कंडेन्सर नेणार असाल तर साउंडवाल्या दादांना आदल्या दिवशीच विचारा, "मिक्सरला फँटम आहे ना?" फँटम चालू करताना आधी त्या चॅनलचा आवाज खाली आणायला सांगा, नाहीतर स्पीकरमधून धडाका होतो. शेजारी ढोलकी असेल तर माइकचा आग्रह धरू नका, गिटारला पिकअप, म्हणजे तारांची कंपनं थेट टिपणारं साधन, लावा. तिथे चांगला माइकही गिटारपेक्षा ढोलकीच जास्त ऐकवतो.

पैशांचा हिशेब करताना चांगला बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) आणि दोन्ही टोकांना एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा गोल कनेक्टर, असलेली केबल धरूनच चाला. डुगडुगणाऱ्या स्टँडवर नीट लावलेला माइक अर्ध्या गाण्यात खाली झुकतो. केबल आणि कनेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात निवडून घेता येतात. माइक मात्र अधिकृत विक्रेत्याकडून, बिल आणि वॉरंटी घेऊनच घ्या. शुअरच्या एसएम ५७ आणि एसएम ५८ या माइकांच्या नकला भरपूर आहेत आणि त्या बाहेरून हुबेहूब दिसतात. किंमत फारच खाली दिसली की तोच इशारा समजा.

धोबीतलावला किंवा कुठल्याही वाद्यांच्या दुकानात जाल तेव्हा सकाळी, गर्दी नसताना जा, आणि स्वतःची गिटार व हेडफोन घेऊन जा. दोन माइक ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा ऐकू येतो तोच चांगला वाटतो, आणि विक्रेत्यालाही ते माहीत असतं. आधी खर्जाची जाड तार मोकळी वाजवून बघा, मग बारीक तारांवर एखादी संथ ओळ.

घरी आणल्यावर पावसाळ्याची तयारी करा. दमट हवेत कंडेन्सर करकर करायला लागतो. वापरून झाला की सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निळ्या दाण्यांचं जेल ओल शोषून गुलाबी झालं की बदला. करकर सुरू झालीच तर माइक उघडून पुसू नका. दोन दिवस त्या डब्यात राहू द्या आणि मग पुन्हा लावून बघा.