स्टेनलेस ऑटोमॅगला फिनिश कुठलं द्यावं?

जुना ऑटोमॅग, म्हणजे पेंटबॉल खेळायची हवेवर चालणारी बंदूक (खेळात तिला मार्कर म्हणतात), विकत घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. निळं अ‍ॅनोडायझिंग करून मिळेल का? बॉडीला नाही मिळणार. अ‍ॅनोडायझिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर वाढवतात आणि त्याच्या बारीक छिद्रांत रंग मुरवतात. हल्लीच्या बहुतेक मार्करच्या बॉड्या अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणून त्या इतक्या रंगीत दिसतात. एअरगन डिझाइन्सच्या क्लासिक ऑटोमॅगची मुख्य नळी मात्र स्टेनलेसची आणि खालचा रेल अ‍ॅल्युमिनियमचा. एकाच मार्करवर दोन धातू, त्यामुळे दोघांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

मी भोसरीत प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम शिकलो. आता मिशिगनमध्ये असतो आणि इथली खेळणारी मंडळी फिनिशचं विचारायला येतात. त्यांना मी आधी विचारतो, तुझा मार्कर खराब कशानं होतो? जंगलात खेळणाऱ्याचा झाडाच्या सालीवर, दगडावर घासतो. बाकीच्यांचा निम्मा सत्यानाश किट बॅगमध्येच होतो, पान्यांच्या आणि हवेच्या टाकीच्या सोबतीनं. गोळ्यांमधला पेंट बिचारा निर्दोष असतो. जिलेटिनचं कवच, आत मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग, हे सगळं पाण्यानं धुऊन जातं. तेव्हा तुमची लढाई ओरखड्यांशी आहे, गंजाशी जवळजवळ नाहीच.

म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी एकच असतो: कोटिंग नको, सॅटिन करा, म्हणजे एका दिशेनं घासून आणलेली मंद चमक. स्टेनलेसवरचं सर्वात टिकाऊ फिनिश तेच, जे तुम्ही घरी बसून पुन्हा करू शकता. कोटिंगवर ओरखडा पडला की तो कायमचा. सॅटिनवर पडला की दहा मिनिटांचं काम.

आधी एअर टाकी काढा, उरलेली हवा सोडा, मग बॅरल, व्हॉल्व्ह, सगळे ओ-रिंग बाहेर. नुसती नळी हातात राहिली पाहिजे. ती लाकडी दांडक्यावर बसवा म्हणजे हात सरळ चालतो. सिरियल नंबर कोरलेला असेल तर त्यावर टेप लावा. घासून पुसट झालेला नंबर परत येत नाही. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडत असेल तर २४० नंबरच्या एमरीपासून सुरुवात, मग ३२०, मग ४००. नख अडत नसेल तर थेट मरून रंगाचा स्कॉच-ब्राइट, म्हणजे घासायचा नायलॉनचा पॅड. हात लांबीच्या दिशेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता. गोल गोल घासलंत की उजेडात ढगांसारखे डाग दिसतात. फीडची नळी (गोळ्या उतरतात ती) बॉडीला मिळते त्या कोपऱ्यात स्कॉच-ब्राइटची बारीक पट्टी कापून घाला, तिथे हात पोचत नाही आणि नजर मात्र पहिली तिथेच जाते.

स्कॉच-ब्राइट नवाच हवा. साध्या लोखंडावर वापरलेला पॅड किंवा तारेचा ब्रश लावलात तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि काही दिवसांत तांबूस ठिपके येतात. लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं, गंजतं ते चिकटलेलं लोखंड. शेवटी नळी साबणानं धुऊन सायट्रिक अ‍ॅसिडच्या ४ ते १० टक्के कोमट द्रावणात २० मिनिटं ठेवा, भरपूर पाण्यानं खंगाळा, लगेच कोरडी करा. हे पॅसिव्हेशन. मोकळं लोखंड निघून जातं आणि क्रोमियम ऑक्साइडचा तो अदृश्य थर नीट तयार होतो.

हाच थर प्लेटिंगवाल्याचा मात्र शत्रू. स्टेनलेस कितीही स्वच्छ करा, क्षणात त्यावर पुन्हा थर येतो आणि वरचं निकेल किंवा क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं. यावर उपाय जुना आणि पक्का आहे: वुड्स निकेल स्ट्राइक, म्हणजे निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं बाथ, जे थर काढता काढताच निकेलचा पहिला पातळ हात चढवतं. शॉपवाल्याला सरळ विचारा, स्टेनलेसला स्ट्राइक कुठला मारता? उत्तर नीट आलं नाही तर नळी उचला आणि घरी या.

रंग हवाच असेल तर माझ्या मते पीव्हीडी. निर्वात भट्टीत धातूची वाफ करून तिचा १ ते ४ मायक्रॉनचा कडक थर बसवतात. टायटॅनियम नायट्राइड सोनेरी, झिर्कोनियम नायट्राइड फिकट पितळी, डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारखा कडक कार्बन, काळा. थर इतका पातळ की मापात फरक पडत नाही, आणि इतका कडक की किल्ल्या-पान्यांची घासाघीस तो सहज सोसतो. पण तो खालचं काहीही झाकत नाही. खाली आरसा असेल तर वर आरसा, खाली ओरखडा असेल तर वर सोनेरी ओरखडा. म्हणून पैसे आधी पॉलिशवर घालवा. आणि खालचं स्टील तुलनेनं मऊच असतं, त्यामुळे जोराचा टोला बसून पोचा आला तर थर तिथे तडकतो, गादीवर ठेवलेल्या काचेसारखा. डागडुजी नाही, पूर्ण काढून पूर्ण नवा.

जंगलात खेळणाऱ्याला मॅट, न चमकणारं हवं असतं. त्याला सेराकोट, म्हणजे फवारून भाजायचा सिरॅमिकयुक्त रंग. जाडी साधारण २५ मायक्रॉन, त्यातली एच सिरीज १२१ अंश सेल्सियसला दोन तास भाजतात. इथे सगळा खेळ तयारीचा आहे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा, म्हणजे ब्लास्टिंग, हवंच, गुळगुळीत स्टेनलेसवर काही धरत नाही. त्याआधी नळी एकदा ओव्हनमध्ये तापवून घ्या: वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या ऑटोमॅगच्या छिद्रांतून, सांध्यांतून तेलाची बारीक रेघ झिरपताना दिसेल. ती आत राहिली असती तर वरचा रंग तिथेच फुगला असता. सेराकोटला कडांवर झीज येते, दोन-चार सीझनांनी चांदी दिसू लागते. मला ती वाईट दिसत नाही, पण तुम्हाला खुपणार असेल तर आधीच विचार करा.

पावडर कोटिंग मी ऑटोमॅगला सुचवत नाही. ६० ते १२० मायक्रॉन म्हणजे नळीच्या व्यासात तेवढ्याच्या दुप्पट वाढ. भोकं लहान होतात, रेल बसत नाही. गॅसच्या ज्योतीनं आणलेले निळे-जांभळे रंग फार सुंदर असतात, साधारण ५४० अंश सेल्सियसला निळा उतरतो, पण तो नुसता ऑक्साइडचा पापुद्रा. बॅगेतच पुसला जाईल.

कुठलंही कोटिंग करा, बोल्ट सरकतो तो बोअर, बॅरलची बैठक, ओ-रिंगच्या जागा आणि सगळे थ्रेड झाकूनच द्या. हे शॉपवर सोडू नका. नळीचा फोटो काढून त्यावर लाल पेनानं खुणा करा आणि पार्टसोबत द्या. व्हॉल्व्ह तर पाठवूच नका. रेल अ‍ॅनोडायझिंगला वेगळा जाईल. काळ्या पीव्हीडीशी काळं अ‍ॅनोडायझिंग जुळवायचा नाद सोडा, दोन काळे कधी एक होत नाहीत. सॅटिन बॉडीखाली गडद निळा रेल मला सगळ्यात देखणा वाटतो.

परत जोडताना स्टेनलेस स्क्रू स्टेनलेस थ्रेडमध्ये जातो तिथे अ‍ॅन्टी-सीझचा ठिपका लावा, नाहीतर थ्रेड एकमेकांना पकडून बसतात आणि तोडल्याशिवाय निघत नाहीत. ओ-रिंग नवे, तेलाचे थेंब ताजे. आणि मैदानावर गेल्यावर आधी क्रोनोग्राफवर गोळीचा वेग मोजा: सेकंदाला ३०० फुटांच्या वर कुठेच चालत नाही, बऱ्याच मैदानांवर २८०.