पतंग चौकोन कसा काढावा आणि त्याचे कर्ण कसे समजून घ्यावेत

ज्या चौकोनात लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान लांबीच्या असतात, तो पतंग. व्याख्या पाठ करून हा आकार फारसा कळत नाही. कंपासने काढायला घेतला, की त्याचे सगळे गुणधर्म एकाच रेषेभोवती गोळा झालेले दिसतात. ती रेषा म्हणजे त्याला दोन सारख्या भागांत विभागणारा कर्ण. कोरा कागद, टोकदार पेन्सिल, पट्टी, कंपास आणि गुण्या जवळ घ्या.

१. आकृती काढा

कागदाच्या मधोमध १०.५ सेमी लांबीचा उभा रेषाखंड अक काढा; अ वर, क खाली. कंपासमध्ये ६.५ सेमी अंतर घ्या, टोक अ वर ठेवा आणि रेषाखंडाच्या दोन्ही बाजूंना कंस काढा. हे कंस चांगले लांब असू द्या, नाहीतर पुढचे कंस त्यांना छेदतच नाहीत. मग १० सेमी अंतर घेऊन क वरून आधीच्या कंसांना छेद द्या. छेदनबिंदूंना ब आणि ड म्हणा. अब, बक, कड, डअ जोडले की पतंग तयार.

२. कर्ण मोजा

बड जोडा. तो अक ला जिथे छेदतो तो बिंदू म. बड १२ सेमी भरेल. बम आणि मड प्रत्येकी ६ सेमी. म पाशी गुण्या लावलात तर काटकोन मिळेल. आता अम मोजा: २.५ सेमी. मक मात्र ८ सेमी!

म्हणजे अक ने बड चे दोन समान भाग केले, पण बड ने अक चे केले नाहीत. नेमकं इथेच बरेच विद्यार्थी 'कर्ण परस्परांना दुभागतात' असं लिहून गुण घालवतात. कर्ण काटकोनात छेदून परस्परांना दुभागू लागले, तर चारही बाजू समान होतात आणि तो समभुज चौकोन होतो. उलट बाजूनेही जपायला हवं: कर्ण नुसते काटकोनात छेदले म्हणून चौकोन पतंग ठरत नाही, एकाने दुसऱ्याला दुभागलंच पाहिजे.

३. असं का होतं?

त्रिकोण अबक आणि अडक पाहा. अब = अड, बक = डक, आणि अक सामाईक. बाबाबा कसोटीने ते एकरूप. म्हणून ब आणि ड हे कोन समान, आणि अक ने अ व क या दोन्ही कोनांचे समान भाग केले. आता त्रिकोण अबम आणि अडम घ्या. अब = अड, अम सामाईक, मधले कोन समान; बाकोबा कसोटीने हेही एकरूप. म्हणून बम = मड. म पाशी अक च्या वरच्या भागात तयार झालेले दोन कोन समान आहेत आणि ते रेषीय जोडीतले, म्हणजे प्रत्येकी ९०°.

कंपासने कोन दुभागताना आपण जे कंस काढतो, तेही पतंगाचेच चार शिरोबिंदू देतात. ती रचना का चालते, याचा पुरावा म्हणजे हीच एकरूपता. मला हा या आकाराचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

४. लांबी आणि क्षेत्रफळ काढा

बाजू आणि बड माहीत असेल, तर दुसरा कर्ण पायथागोरसच्या प्रमेयाने मिळतो: ६.५² − ६² = ६.२५, म्हणून अम २.५; १०² − ६² = ६४, म्हणून मक ८. क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं: ½ × १०.५ × १२ = ६३ चौसेमी. अक हा पाया धरला तर दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांची उंची ६ सेमी, त्यावरूनच हे सूत्र येतं.

५. अक लहान करून पाहा

कंपासची अंतरं तीच ठेवा, फक्त अक ५.५ सेमी घ्या. आता अ पाशी प्रविशाल कोन होतो आणि आकृती बाणाच्या टोकासारखी दिसते. बड अजूनही १२ सेमीच, पण तो आकृतीच्या बाहेर पडतो, आणि त्याला दुभागण्यासाठी क कडून अ च्या पुढे रेषा वाढवावी लागते. सूत्र तरीही टिकतं: ½ × ५.५ × १२ = ३३. पडताळा घ्यायचा तर त्रिकोण कबड च्या ४८ चौसेमीतून त्रिकोण अबड चे १५ वजा करा.