शेवाळाचा अर्क आणि कॅल्शियम एकाच टाकीत नको

परतीचा पाऊस उघडला की सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या) डाळिंबात दोन गोष्टी एकदम सुरू होतात: फळं तडकणं आणि टॉनिकच्या बाटल्या खपणं. यातल्या बऱ्याच बाटल्यांत समुद्री शेवाळाचा अर्क असतो. अर्क वाईट नाही, पण मजुरी वाचवायला तो फळं तडकू नयेत म्हणून देतात त्या कॅल्शियमबरोबर एकाच फवाऱ्यात बसवला जातो आणि घोळ तिथेच होतो.

तपकिरी शेवाळात अल्जिनेट नावाचं पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी असते. कॅल्शियम भेटलं की या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि जेली तयार होते. आइस्क्रीमला दाटपणा आणायला अल्जिनेट वापरतात ते ठीक, ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) जाळीत त्याचं काय काम? कॅल्शियम नायट्रेट, बोर्डोतला (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणातला) चुना, एवढंच काय, आपल्या बोअरचं जड पाणीसुद्धा अल्जिनेट जास्त असलेल्या अर्काला गोठवू शकतं.

म्हणून आधी काचेच्या बाटलीत पाहा. फवारणीचंच पाणी घ्या, अर्क आणि दुसरं औषध टाकीच्याच प्रमाणात घाला, हलवा आणि अर्धा तास ठेवा. दोरे, गुठळ्या किंवा तळाला साका दिसला तर ते मिश्रण टाकीत जाता कामा नये. काही दिसलं नाही तरी कॅल्शियम वेगळंच द्या, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. बोर्डोनंतर टाकी आणि पाइप धुऊनच अर्क भरा. ड्रिपमधून देणाऱ्यांनी तर जास्त जपावं, कारण बंद पडलेला ड्रिपर महिनाभर कळत नाही.

कॅल्शियमची खरी जागा फळाच्या सालीत आहे. सालीतल्या पेशी पेक्टिनने चिकटलेल्या असतात (हेही पॉलिसॅकराइडच), आणि त्याला घट्टपणा कॅल्शियम देतं. पानातलं कॅल्शियम फळाकडे फारसं वळत नाही, त्यामुळे फवारा फळावर, तोही फळ लहान असतानाच बसला पाहिजे. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य पान परीक्षणाशिवाय देऊ नका, जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात.

तरीही तडकण्याचं मोठं कारण पाणीच. पाऊस झाला म्हणून आठ दिवस ड्रिप बंद आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात एकदम चार तास चालू, असं केल्यावर कुठलीच बाटली फळ वाचवत नाही. थोडं थोडं, पण नेमाने पाणी द्या. भारी काळ्या रानात वाफसा (जमिनीतली ओल बेताची झाली का ते) बघून.

‘तेल्यावर रामबाण’ असं सांगून कोणी अर्क विकत असेल तर घेऊ नका. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूचा रोग आहे. शेवाळातल्या लॅमिनारिनसारख्या साखळ्या झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतात हे खरं, पण लागलेला रोग त्याने जात नाही. त्यासाठी सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहा. अर्क खताची जागाही घेत नाही, त्यात नत्र-स्फुरद नावापुरतं असतं.

असे अर्क बायोस्टिम्युलंट (पिकाला चालना देणारी उत्पादनं) म्हणून विकले जातात, आणि बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. लेबलवर घटक, पीक आणि मात्रा छापलेली नसेल तर बाटली परत ठेवा. घेतलीच तर पक्कं बिल मागा, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या.