कॅज्युअल्टीतून ओटीत आलात? या चुका टाळा

घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा अंबाजोगाईला कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, दोन-तीन वर्षं काढलेली सिस्टर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आली की मला मनापासून आनंद होतो. तिने फवारणीचं औषध प्यालेले पेशंट पाहिलेले असतात, सर्पदंशाचे पाहिलेले असतात, हायवेवरचे अपघातही पाहिलेले असतात. रक्त बघून ती गडबडत नाही, अंधारातसुद्धा शीर सापडते तिला. पण नेमक्या याच मुली पहिल्या महिन्यात ठरावीक चुका करतात. कॅज्युअल्टीत हात आधी चालतो आणि नोंद मागाहून होते. ओटीत मोजल्याशिवाय आणि बोलल्याशिवाय हात हलवायचा नसतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायची बऱ्याच जणींची तयारी नसते.

सगळ्यात मोठी चूक मॉपच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायच्या कापडी घड्यांच्या, मोजणीची. तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण एवढ्या वर्षांत माझी झोप उडवली असेल तर याच एका गोष्टीने.

तालुक्याच्या एका रुग्णालयातली रात्र. बैलाचं शिंग डाव्या कुशीत घुसलेला शेतकरी आला, पोट रक्ताने भरलेलं, प्लीहा फाटलेली. फ्लोअरला, म्हणजे टेबलाबाहेरून सामान द्यायला, नवी सिस्टर, कॅज्युअल्टीत नावाजलेली. सर्जन "मॉप, मॉप" म्हणाले की ती पाकीट फाडून टेबलावर टाकत होती. हात तिचा विजेसारखा. पोट बंद करायच्या आधी मी मोजले तर फळ्यावर वीस आणि हातात एकोणीस. तिला विचारलं, "प्रत्येक पाकिटात पाचच होते का गं?" ती म्हणाली, "पाचाचंच पाकीट असतं ना, ताई." आमच्याकडचे मॉप मावशी शिवायच्या आणि त्याच घड्या घालून बांधायच्या. कधी चार बांधले जायचे, कधी सहा. पाकीट उघडताना मोजलंच नव्हतं, त्यामुळे एक हरवलाय की मुळातच कमी होता, हे कुणालाच सांगता येईना.

बादली उपसली, चादरी झटकल्या, टेबलाखाली बॅटरी मारली. सर्जन दमलेले, भूलतज्ज्ञ घाई करत होते. मी म्हटलं, सर, हिशोब लागत नाही, मी सुई देणार नाही. विकतच्या चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारी पट्टी असते, आमच्या शिवलेल्यांत ती नव्हती. म्हणजे एक्स-रे काढूनही काही दिसलं नसतं. शेवटी सरांनी पुन्हा हात घालून पोटाचा कोपरा न् कोपरा चाचपला. मॉप डाव्या बाजूला वर, श्वासपटलाखाली निघाला. रक्ताने भिजलेला मॉप मुठीएवढा होतो आणि त्याचा रंग आतड्यासारखाच दिसतो. आपण समोर बघत असतो तरी तो दिसत नाही. तो आत राहिला असता तर त्या माणसाला महिनोन् महिने ताप, पू आणि दुसरं ऑपरेशन. घरी दोन एकर कोरडवाहू आणि लहान लेकरं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पाकीट उघडलं की स्क्रब सिस्टर (हात धुऊन टेबलाशी उभी असते ती) आणि फ्लोअर सिस्टर, दोघींनी एकेक मॉप सुटा करून मोठ्याने मोजायचा. पाच नसतील तर ते अख्खं पाकीट बाजूला, एक-दोन घालून पुरं करायचं नाही. आकडा लगेच फळ्यावर. पोटात ठेवलेल्या मॉपची नाडी बाहेर, तिला आर्टरी (चिमटा) लावलेली. वापरलेले मॉप जमिनीवर प्लास्टिक अंथरून पाच-पाचच्या ओळीत. मॉपने फरशी पुसायची नाही, भूलतज्ज्ञांना तोंड पुसायला द्यायचा नाही. मोजणी चिरा घेण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवण्याआधी. शेवटची मोजणी जुळेपर्यंत कचऱ्याची एकही पिशवी ओटीबाहेर जाणार नाही, मग कचरा न्यायला मामा कितीही दारात उभे राहोत. पेशंट हातचा जातोय म्हणून मोजता आलं नाही, तर तसं केसपेपरवर लिहा आणि सर्जनला तोंडाने सांगा. "अंदाजे बरोबर आहे" हे वाक्य मला सहन होत नाही.

दुसरी चूक म्हणजे झालेली चूक झाकण्याची. खाली पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो, कॅज्युअल्टीने तो तसा घडवलेला असतो. ओटीत ती पडू द्या. गाऊन पुढून, छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंत आणि बाह्या कोपराच्या जरा वरपर्यंत, एवढाच निर्जंतुक धरतात. पाठ नाही, काख नाही, कमरेखालचं काही नाही. ग्लोव्ह लाईटच्या साध्या दांड्याला लागला, बाही मास्कला घासली, तर त्याच क्षणी म्हणा, "अनस्टराईल झालं." ग्लोव्ह बदलायला मिनिटभर लागतं. सर रागावतील म्हणून गप्प बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि टाके पिकल्यामुळे ऊसतोडीची उचल अंगावर घेऊन वॉर्डात पडून राहिलेल्या बायकाही पाहिल्यात. रागावणं दोन मिनिटांत संपतं. माझ्यासमोर कुणी स्वतःहून चूक सांगितली तर मी तिला आजवर रागावलेली नाही.

ऑटोक्लेव्हबाबत, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनबाबत, एक गैरसमज घट्ट बसलाय. ड्रमला (कपड्यांच्या डब्याला) लावलेल्या पट्टीवर काळ्या रेघा आल्या म्हणजे तो निर्जंतुक झाला, असं नाही. त्या रेघा फक्त उष्णता लागल्याचं सांगतात. आमच्या मशीनला 121 अंश आणि 15 पौंड दाब गाठल्यावर 30 मिनिटं मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे. मध्येच लाईट गेली, आणि उन्हाळ्यात ती जातेच, तर लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं. "वीस मिनिटं झाली होती ना, आता दहाच देऊ," हा हिशोब चालत नाही. ड्रम ठासून भरला की वाफ मधल्या कपड्यांपर्यंत पोचत नाही. कपडा ओला निघाला तर ते पाकीट बाद.

पेशंटला विचारताना "डावा पाय ना, आजी?" असं विचारू नका. भ्यालेल्या आजी कशालाही "व्हय" म्हणतात. "कोणता पाय, हात लावून दाखवा" असं विचारा. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोघी असतात, म्हणून नाव पूर्ण, गावासकट, तिच्याच तोंडून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सुरक्षा यादी 19 मुद्द्यांची आहे: भुलीआधी, चिऱ्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. ती भरून ठेवायची नसते, मोठ्याने वाचायची असते. सकाळीच सगळ्या खुणा करून मोकळ्या होणाऱ्यांशी माझं रोज भांडण होतं.

कॉटरीची (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राची) प्लेट पेशंटच्या कोरड्या, मांसल जागी लावा. हाडावर किंवा जुन्या व्रणावर नको. स्पिरिट असलेलं औषध लावलं तर ते पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी चालू करू देऊ नका, चादरीखाली साचलेलं स्पिरिट पेट घेतं. कल्चरचा (जंतू वाढवून तपासायचा) नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तो गेला. बाटलीवर नाव तिथल्या तिथे, झाकणावर नाही, बाटलीच्या अंगावर. भरलेल्या सिरिंजवर औषधाचं नाव नसेल तर ती फेका.

आणि उपाशी येऊ नका. नवरात्र असो की चतुर्थी, उपास असेल तर सकाळीच मला सांगा, मी तुम्हाला लांबलचक केसला स्क्रब देणार नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तर "मी ठीक आहे" म्हणत उभं राहायचं नाही. टेबलापासून मागे सरा, भिंतीला टेकून खाली बसा आणि आवाज द्या. तुमची जागा घ्यायला मी हात धुऊन येते.