‘वाघ्या-चिमी लई जागी असतात’: वस्तीवर कुत्री पाळणाऱ्यांसाठी

वस्तीवर तक्रार समोरून येत नाही, ती डेअरीवर येते. सकाळी साडेसहाला दुधाची किटली घेऊन मी रांगेत उभी होते. पुढच्या मळ्यातल्या वहिनी सहज म्हणाल्या, “वाघ्या-चिमी लई जागी असतात का हो हल्ली रात्रीची?” एवढंच बोलून त्या माप घालायला पुढे गेल्या.

त्यांचं घर आमच्यापासून पाऊण किलोमीटरवर आहे. त्यांच्या झोपेशी आमच्या कुत्र्यांचा काही संबंध नाही. म्हणजे बोलणं दुसऱ्याचं होतं, वहिनींनी ते फक्त माझ्यापर्यंत पोचवलं. आमच्या गोठ्यापासून दोनशे फुटांवर तात्यांची पडवी आहे. बोलणं तात्यांचंच होतं.

हे वाक्य ऐकू येणं हे पहिलं काम. मला ते ऐकू आलं, कारण एकदा आलं नव्हतं. २०१६ साली आमच्याकडे ढवळी नावाची कुत्री होती. तिच्याबद्दल असंच कोणीतरी डेअरीवर बोललं होतं आणि मी “कुत्रं आहे, भुंकणारच” म्हणून सोडून दिलं. दोन महिन्यांनी ती कांद्याच्या चाळीमागे पडलेली सापडली, तोंडाला फेस. डॉक्टर येईपर्यंत गेली होती. कोणी विष घातलं की तिनेच वावरातलं काही चाटलं, हे आजही मला ठाऊक नाही. पण ते डेअरीवरचं वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून सांगते, बोलणं कानावर आलं की त्याच दिवशी संध्याकाळी जा.

संध्याकाळीच जायचं. धारा झाल्यावर, माणसं हातपाय धुऊन बसलेली असतात तेव्हा. सकाळी सगळ्यांनाच घाई असते. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाचा एक शब्दही लिहू नका. तिथे दोन माणसांचं बोलणं चाळीस माणसांचं भांडण होतं. घरात जो पटकन तापतो त्याला बरोबर नेऊ नका. मी एकटी गेले. आणि आमच्या भागात बिबट्या फिरतो, पण गेल्या गेल्या त्याचं नाव काढायचं नाही. “आमची कुत्री आहेत म्हणून तुम्ही सुखरूप आहात” हे खरं असलं तरी झोप न झालेल्या माणसाला ते टोमण्यासारखं लागतं.

मी एवढंच विचारलं, “तात्या, रात्री आमच्या कुत्र्यांचा त्रास होतोय ना? कुठल्या वेळेला जास्त होतो?”

तात्या आधी “तसं काय नाय” म्हणाले. काकूंनी मात्र सांगून टाकलं. लेक बाळंतपणाला आलेली, बाळ वीस दिवसांचं. “दीडला सुरू होतात ती चारपर्यंत. पोर दचकून उठतं. पहाटे पाचला भुंकली तर काय नाही, तवा आम्ही उठलेलोच असतो.” बघा, एका प्रश्नाने किती हाती आलं. चोवीस तासांची तक्रार अडीच तासांवर आली. मी म्हणाले, “मला पंधरा दिवस द्या. आणि रात्री भुंकली की फोन करा, दोन वाजलेले असले तरी.”

तात्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी उठले, गोठ्यातला दिवा लावला, कुत्र्यांजवळ जाऊन उभी राहिले. तो दिवा त्यांच्या पडवीतून दिसतो. चौथ्यांदा फोन आला नाही, आणि त्या रात्री कुत्री कमी भुंकली होती असंही नाही. आपण झोपलेलो असताना शेजाऱ्याने एकट्याने जागायचं, हेच माणसाला सर्वांत जास्त लागतं.

आता कुत्र्यांकडे वळू. भुंकणं बंद करायच्या मागे लागू नका. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाने मुकं कुत्रं पाळून काय करायचं? कारणाचं भुंकणं राहू द्यायचं आणि रिकामं भुंकणं काढायचं. त्यासाठी आधी कोणतं कोणतं ते कळलं पाहिजे. मी नातवाची जुनी वही कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगली आणि रात्री उठले की लिहायचे: किती वाजता, कोण भुंकलं, तोंड कुठल्या दिशेला होतं, किती वेळ चाललं. नऊ रात्रींत तीस वेळा. त्यातलं चौदा वेळा बांधावरच्या बॅटरीच्या उजेडाला. नऊ वेळा कालव्यापलीकडच्या कुत्र्यांना उत्तर म्हणून. पाच वेळा कोल्हा नाहीतर मांजर. दोनदा काहीच कळलं नाही.

बॅटरी कोणाची? आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात जो तो मोटार चालू करायला आणि बारे मोडायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, बांधावरून जातो. दीड वाजता जाणारी बॅटरी तात्यांच्याच मुलाची होती.

हे मी तात्यांना तक्रारीचं उत्तर म्हणून सांगितलं नाही, तुम्हीही असं काही हाती लागलं तर सांगू नका. मी त्यांच्या मुलाला म्हणाले, “भाऊ, दहा दिवस संध्याकाळी येताना आमच्या गोठ्यावरून ये.” तो आला की मी त्याच्या हातात कुत्र्यांना घालायला चतकोर भाकरी द्यायची. पहिले दोन दिवस त्याने लांबूनच टाकली. मग हातातून. पाचव्या दिवसापासून बॅटरी चालू ठेवून, कारण कुत्र्याला माणूस ओळखीचा झाला तरी अंधारातून चालत येणारा उजेड अनोळखीच राहतो. शेवटी मध्यरात्री बांधावर आल्यावर त्याने लांबूनच “वाघ्या, मी आहे रे” म्हणायचं. दोन आठवड्यांत तीसातली ती चौदा भुंकणी जवळजवळ संपली. तुमच्या बांधावरून रोज जाणारी माणसं मोजा. तीन-चारच असतात. प्रत्येकाच्या हातची भाकरी कुत्र्याला खाऊ द्या.

दुसरा बदल जागेचा. वाघ्या रात्री कालव्याच्या अंगाच्या लिंबाला बांधलेला असायचा. तिथून त्याला सगळा बांध दिसायचा, पलीकडची कुत्री ऐकू यायची, आणि त्याचा आवाज थेट तात्यांच्या पडवीत जायचा. थंडीत तर जास्तच. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तिच्यापेक्षा उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबपर्यंत पोचतो. त्यातून ऊस तुटला की मध्ये आडोसाच उरत नाही. म्हणून पावसाळ्यात कोणाला न जाणवणारं कुत्रं पौषात सगळ्या शिवाराला जागवतं. तुमच्याकडची तक्रार दिवाळीनंतर सुरू झाली असेल तर हेही बघा.

आम्ही गोठ्याच्या मागे सहा बाय पाचची विटांची खोली बांधली. तोंड तात्यांच्या घराकडे नाही, आमच्याच घराच्या भिंतीकडे. वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट, म्हणजे आत घुमत नाही आणि तापतही नाही. दाराला जाड जाळी आणि बाहेरून कडी. रात्री दहाला दोघं आत, पहाटे पाचला बाहेर. हा खर्च मी आधीच करायला हवा होता, कारण आमच्या भागात रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. त्याला पळताही येत नाही. तुमच्याकडे बिबट्या नसेल तर निदान कुंपणाच्या जाळीला रस्त्याच्या बाजूने हिरवं शेडनेट लावा. जे दिसत नाही त्यावर कुत्रं कमी भुंकतं.

दिवसाचं बघितल्याशिवाय रात्रीचं सुटत नाही. दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं रात्री झोपत नाही, त्याचं अंग थकलेलंच नसतं. आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि सदा बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात गुन्हा आहे. पण कायद्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा. आम्ही सकाळी पाऊण तास आणि तिन्हीसांजेला अर्धा तास कालव्याच्या कडेने नेतो. जेवण पाचऐवजी आठला, आणि दहाला आत घ्यायच्या आधी एक फेरी.

चिमीचं वेगळंच निघालं. ती रात्री खाजवत उठायची आणि उठली की भुंकायची. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड. डॉक्टरांनी तिला औषध दिलं आणि गोठ्याच्या भेगाही फवारायला सांगितल्या, कारण गोचीड भिंतीत लपते. जनावरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. त्याने कुत्रं दगावू शकतं. म्हातारं कुत्रं उगाच भुंकत असेल तर त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या. आणि मादी असेल तर नसबंदी करा. भाद्रपदात एका मादीपायी आठ-दहा कुत्री वस्तीभोवती रात्रभर भांडतात आणि शिव्या मालकाला बसतात. चिमीची नसबंदी झाल्यापासून तो गोंधळ बंद आहे.

राहिलं ते शिकवण्याचं. अंथरुणातून “ए गप!” म्हणून ओरडणं सोडा. कुत्र्याला वाटतं आपल्याबरोबर मालकही भुंकतोय. उठायचं, त्याच्याजवळ जायचं, ते जिकडे बघतंय तिकडे खरंच बघायचं, मग हळू आवाजात “बघितलं, पुरे.” गप्प झालं की मनात पाचपर्यंत मोजून भाकरीचा तुकडा. तुकडा गप्प राहिल्याबद्दल आहे, म्हणून भुंकत असताना देऊ नका. वाघ्याला तीन आठवडे लागले. दगड आणि काठी तर नकोच, विजेचा झटका देणारे पट्टेही मला मान्य नाहीत. त्याने कुत्रं घाबरट होतं आणि घाबरट कुत्रं जास्त भुंकतं, चावतं पण.

हे सगळं केल्यावर जे भुंकणं उरतं ते ओळखायला शिका. तिसऱ्या आठवड्यात, शेजारचा ऊस तुटून पाच दिवस झालेले, रात्री पावणेतीनला वाघ्या भुंकला तो नेहमीसारखा नाही. तोकडा, जाड आवाज, मध्ये मध्ये थांबून. चिमी भुंकलीच नाही, फक्त गुरगुरत भिंतीला चिकटली. आणि गोठ्यातल्या चारही गाई उभ्या राहिल्या. गाई उठल्या म्हणजे शंका नको. मी तात्यांना फोन केला, “दार उघडू नका, भाऊला मोटारीवर जाऊ देऊ नका.” सकाळी पाण्याच्या चारीच्या ओल्या मातीत बिबट्याचे पंजे होते. वन विभागाच्या १९२६ वर कळवलं, माणसं येऊन बघून गेली. तात्या ठसे बघून आले आणि आमच्या ओट्यावर बराच वेळ बसले. त्या दिवशीही मी “बघा, कुत्री होती म्हणून” असं म्हणाले नाही.

सगळे शेजारी तात्यांसारखे नसतात हेही मला माहीत आहे. दोनदा जाऊनही कोणी ऐकत नसेल तर पोलीस पाटलांना मध्ये घ्या, नाहीतर गावची तंटामुक्ती समिती. २००७ पासूनची ही मोहीम अशाच बांधाबांधावरच्या भांडणांसाठी आहे. जाताना रेबीजच्या लसीचं कार्ड आणि ती वही बरोबर न्या. तारीखवार लिहिलेल्या वहीपुढे “रात्रभर भुंकतात” हे बोलणं टिकत नाही, आणि खरंच रात्रभर भुंकत असतील तर तुमच्याही ते लक्षात येतं. कोणी विष घालायची भाषा केली तर ती हसण्यावारी नेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला ठार मारणं किंवा विष घालणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पोलीस पाटलांच्या तोंडून सांगवावं, आपण सांगितलं तर धमकी वाटते.

आणि शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्यांना हात जोडून सांगते. पाच दिवस कुलूपबंद कुंपणात एकटं ठेवलेलं कुत्रं राखण करत नाही. ते हाका मारत असतं. त्यावर वही, शेडनेट, भाकरी, काही चालत नाही. रात्री तिथे झोपणारं, त्याला नावाने ओळखणारं माणूस नसेल तर कुत्रं पाळू नका.

येत्या आठवड्यात आमच्याच वरच्या अंगाचा ऊस तुटायचा आहे. ऊसतोडीची टोळी आली की चार-पाच रात्री कुत्री भुंकणार, बैलगाड्यांना, त्यांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, चुलींना, उसातून बाहेर पडणाऱ्या सगळ्याला. आज धारा झाल्या की तात्यांकडे आणि कालव्यापलीकडच्या दोन घरी तसं आधीच सांगून यायचं आहे.